कापसाचा मुलूख अलाबामा

कापूस आपल्या ओळखीचा आहे. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात कापसाच्या बोंडावर घरे चालतात, आणि बोंड गेले की घरे मोडतात. असाच एक कापसाचा मुलूख पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिथे सकाळची न्याहारी चाललेली असते. त्याचे नाव अलाबामा. आज आपण त्याची माहिती करून घेऊ.

अमेरिका हा पन्नास राज्यांचा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात अलाबामा हे राज्य आहे. १८१९ साली ते राज्य झाले. त्याची राजधानी माँटगोमेरी. आकाराने ते आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे. वस्ती तर फारच विरळ. २०२० सालच्या शिरगणतीत तिथे सुमारे ५० लाख माणसे भरली.

जमीन आणि पाणी

राज्याच्या उत्तरेकडे डोंगर आहेत. चीहा हा त्यांतला सर्वांत उंच. त्याची उंची सुमारे २,४०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी. या डोंगराळ भागात लोखंडाचा तांबडा दगड, दगडी कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही जवळजवळ सापडतात. लोखंड गाळायला हीच तिन्ही लागतात. म्हणून १८७१ साली तिथे बर्मिंगहॅम हे शहर वसले आणि भट्ट्या पेटल्या. शहराजवळच्या टेकडीवर लोहारांच्या देवाचा ओतीव लोखंडाचा पुतळा उभा आहे. तो ५६ फूट उंच आहे.

दक्षिणेकडे सुईसारख्या पानांच्या पाइन झाडांचे जंगल आहे. बहुतेक नद्या तिकडेच वाहत जातात आणि मोबील नावाच्या बंदरापाशी समुद्राला मिळतात.

मधोमध काळ्या मातीचा पट्टा आहे. ओली झाली की ही माती पायाला धरून ठेवते. आपल्या काळ्या रानासारखीच. उन्हाळा कडक, पाऊस भरपूर. कापसाला आणखी काय पाहिजे?

ही जमीन मूळची क्रीक, चॉक्टॉ, चेरोकी, चिकसॉ अशा जमातींची. अलाबामा हे नावही तिथल्या एका जमातीचेच. गोऱ्या लोकांना कापसासाठी जमीन हवी होती. १८३० साली सरकारने कायदा केला आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत या बहुतेक लोकांना शेकडो कोस पश्चिमेला घालवून दिले. वाटेत हजारो माणसे मेली.

राज्याच्या खुणा

प्रत्येक राज्याची काही मानचिन्हे असतात. अलाबामाचे निशाण पांढरे आहे आणि त्यावर तांबडी फुली आहे. ते १८९५ साली ठरले. राज्याचा पक्षी एक सुतारपक्षी आहे. त्याच्या पंखांच्या आतल्या बाजूला पिवळा रंग असतो. राज्याचे फूल कॅमेलिया. हे झाड आपल्या चहाच्या झाडाचे भाऊबंद आहे, बरं का! राज्याचे झाड लांब पानांचा पाइन.

राज्याचे एक ब्रीदवाक्यही आहे. ते १९३९ साली ठरले. त्याचा अर्थ असा, की आमचे हक्क राखण्याची आम्ही हिंमत धरतो. वाक्य चांगले आहे. पण हक्क कोणाचे? सगळ्यांचे की काही जणांचेच? अलाबामाची खरी गोष्ट या प्रश्नात आहे.

अक्षराची बंदी

कापूस वेचायला माणसे लागतात. आफ्रिकेतून माणसे पकडून जहाजांत कोंबून अमेरिकेत आणली गेली होती. त्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना गुलाम केले होते. बाजारात बैल विकावा तशी माणसे विकली जात. आई एकीकडे, मूल दुसरीकडे. १८६० साली अलाबामात ९ लाख ६४ हजार माणसे होती. त्यांतली ४ लाख ३५ हजार गुलाम होती.

१८३२ साली तिथे एक कायदा झाला. कोणी काळ्या माणसाला अक्षर ओळखायला, वाचायला किंवा लिहायला शिकवले तर त्याला २५० ते ५०० डॉलर दंड! त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

असा कायदा का केला? आदल्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यात गुलामांनी बंड केले होते. त्या बंडाचा पुढारी वाचायला शिकलेला होता. धनी लोकांनी ओळखले, की ज्याला वाचता येते तो विचार करतो, आणि विचार करणारा माणूस फार दिवस गुलाम राहत नाही. त्यांना बंदुकीइतकेच अक्षराचे भय वाटले.

१८६१ साली गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्ये देशातून फुटली. त्यांची पहिली राजधानी माँटगोमेरीच होती. चार वर्षे लढाई झाली. उत्तरेच्या जहाजांनी दक्षिणेची बंदरे अडवली. विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग त्यांनी आपल्याकडचा कापूस उचलला. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळला आणि पुष्कळ पेढ्या बुडाल्या. पाहा, कुठले अलाबामा आणि कुठले वऱ्हाड! कापसाच्या धाग्याने दोन्ही बांधलेली होती.

दक्षिणेची राज्ये हरली आणि गुलामगिरी कायद्याने गेली. ही बातमी पुण्यास महात्मा जोतीराव फुले यांच्यापर्यंत पोचली. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापले आणि ते गुलामांना मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले.

किड्याचा पुतळा

बेडी तुटली, पण जमीन मिळाली नाही. काळे लोक आणि गरीब गोरेही दुसऱ्याचे रान वाट्याने करू लागले. दुकानदार उधारी देई आणि म्हणे, कापूसच लाव. वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेतल्याने जमिनीचा कस गेला. त्यात १९१० च्या सुमारास मेक्सिकोकडून आलेला एक किडा अलाबामात शिरला. आपल्या धान्यात सोंडे होतात, त्यांच्याच कुळातला हा. तो कापसाच्या पात्यांत आणि बोंडांत अंडी घालतो. अळी आतून सगळे खाते. शेतेच्या शेते गेली.

कॉफी नावाच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मग कापूस कमी करून भुईमूग लावला. दोन-तीन वर्षांत कर्ज फिटले, हातात पैसा आला. एंटरप्राइझ या गावच्या लोकांनी १९१९ साली भर चौकात त्या किड्याचे स्मारक उभारले! हात उंच केलेल्या बाईचा तो पुतळा आहे. १९४९ साली तिच्या हातांवर मोठा किडाही बसवला. किड्याने नुकसान केले खरे, पण एकाच पिकावर विसंबू नये हा धडा त्यानेच दिला, असा त्याचा अर्थ.

हाच धडा एक मास्तर आधीपासून देत होते. त्यांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. ते गुलामाच्या पोटी जन्मले. मोठ्या कष्टाने शिकले. १८९६ साली ते अलाबामातल्या टस्कीगी गावच्या काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायला आले. भुईमूग, चवळी यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जंतू हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि जमिनीचा कस सुधारतो. कापसानंतर ही पिके घ्या, असे ते सांगत. पण शेतकरी शाळेत कसा येणार? म्हणून १९०६ साली एक गाडी तयार केली. तिच्यात अवजारे आणि बियाणे घालून ती शाळाच गावोगाव नेली. आम्ही इतकी वर्षे मास्तरकी केली, पण शाळेने शेतकऱ्याच्या बांधावर जावे हे आम्हाला या गाडीने शिकवले.

मताचा हक्क

आता ब्रीदवाक्यातल्या हक्काकडे येऊ. १९०१ साली अलाबामाने नवी घटना केली. मत द्यायचे तर वाचता-लिहिता आले पाहिजे, कर भरला पाहिजे, अशा अटी घातल्या. परीक्षा घेणारा गोरा अंमलदार. तो काळ्या माणसाला अवघड प्रश्न विचारी आणि शिकलेल्यालाही नापास करी. आधी शिकू दिले नाही आणि मग शिकला नाहीस म्हणून मत नाही. आणि शिकला तरी मत नाहीच!

१९५५ साली माँटगोमेरीत रोझा पार्क्स या काळ्या बाईने बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला. तिला अटक झाली. मग काळे लोक ३८१ दिवस बसमध्ये बसले नाहीत. पायी कामावर गेले. त्यांचे पुढारी मार्टिन लूथर किंग. ते महात्मा गांधींना मानीत. १९५९ साली ते भारतात आले आणि मुंबईला गांधीजी जिथे राहत त्या मणिभवनात उतरले.

१९६५ साली सेल्मा गावाहून लोक मताच्या हक्कासाठी निघाले. पुलावर पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपले. दोन आठवड्यांनी ते पुन्हा निघाले आणि ५४ मैल चालून माँटगोमेरीला पोचले. त्याच वर्षी कायदा झाला आणि ती खोटी परीक्षा बंद पडली.

आपल्या घटनेने १९५० साली सही करणाऱ्याला आणि अंगठा उठवणाऱ्याला सारखेच मत दिले. हे फार मोठे देणे आहे. ते विसरू नये.

एक नाणे

२००३ साली अमेरिकेने अलाबामाच्या नावाचे एक नाणे काढले. त्याच्या अलाबामाच्या बाजूवर ना राजा, ना सेनापती. एक बाई पुस्तक घेऊन बसली आहे. तिचे नाव हेलन केलर. तिचा जन्म १८८० सालचा, अलाबामातलाच. दीड वर्षाची असताना आजाराने तिचे डोळे आणि कान गेले. १८८७ साली तिच्या मास्तरीणबाईंनी तिचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी ‘पाणी’ हा शब्द लिहिला. त्या दिवशी तिला अक्षर कळले. पुढे ती पदवीधर झाली, पुस्तके लिहिली, देशोदेशी गेली. नाण्यावर तिचे नाव अंधांच्या उठावाच्या लिपीतही आहे.

ज्या राज्यात अक्षर शिकवणाऱ्याला दंड होता, त्याच राज्याच्या नाण्यावर आज पुस्तक आहे. एवढी वाट चालायला त्या लोकांना पावणेदोनशे वर्षे लागली.

आपण हा धडा आज स्वतः वाचलात. आता घरात किंवा शेजारी ज्याला वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवा. जमले तर त्याला त्याचे नाव लिहायला शिकवा. आपल्याला कोणी दंड करणार नाही.