‘दिल’चं पार्सल!

दान केलेलं हृदय दुसऱ्या शहरात पोचवायचं तर हाताशी जेमतेम चार तास. हे गणित बदलू पाहणाऱ्या दोन डब्यांना अमेरिकेत परवानगी मिळाली, पण दोघांना सारखी नाही. असं का?

‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द आता आपल्याला नवा नाही. सिग्नल थांबतात, अँब्युलन्स सुसाट सुटते. पण आत हृदय कशात ठेवलेलं असतं, माहितेय? बऱ्याचदा बर्फ भरलेल्या साध्या कूलरमध्ये. पिकनिकला कोल्ड्रिंक नेतो ना, जवळपास तसाच!

फंडा सोपा आहे. थंडीत हृदयाची ऑक्सिजनची गरज घटते आणि ते तग धरतं. पण चार तासांपुढे धोका वाढत जातो. शिवाय फार गारठलं, तर इजा होते ती वेगळीच.

डबा पहिला : थंड, पण बेताचा

पॅरागॉनिक्स कंपनीच्या ‘शेर्पापॅक’मध्ये हृदय द्रावणात बुडवून ४ ते ८ अंशांत ठेवतात. तापमान बाहेर स्क्रीनवर दिसतं. याला अमेरिकेच्या एफडीएने (आपल्या राज्याची एफडीए वेगळी!) ‘क्लिअरन्स’ दिला. म्हणजे बाजारात आधीच असलेल्या उपकरणाइतकंच हेही सुरक्षित आणि परिणामकारक आहे, एवढं कंपनीने पटवून द्यायचं.

डबा दुसरा : चक्क धडधडणारा

ट्रान्समेडिक्सच्या ‘ऑर्गन केअर सिस्टिम’मध्ये डोनरचंच रक्त कोमट ठेवून, ऑक्सिजन देऊन हृदयात फिरवतात. प्रवासभर ते धडधडत राहतं! अशा मशीनला नुसती तुलना पुरत नाही. पेशंटवरच्या चाचण्यांचे पुरावे देऊन ‘अप्रूव्हल’ मिळवावं लागतं.

आणि घोडं इथेच अडलं. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत ३० दिवसांनंतर मशीनच्या गटात ९४ टक्के, तर बर्फाच्या गटात ९७ टक्के पेशंट हयात होते. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत बसला. पण पुढच्या वर्षांत मशीनच्या गटात मृत्यू जास्त दिसले. एप्रिल २०२१ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीपुढे यावर बराच खल झाला.

सप्टेंबर २०२१ मध्ये अप्रूव्हल मिळालं, पण सरसकट नाही. बर्फातला लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणून जी हृदयं नाकारली जातात, फक्त त्यांच्यासाठी! वर पेशंटवर पुढेही लक्ष ठेवण्याची अट. विचार केला तर हे पटतं. अशा हृदयांना पर्याय बर्फाचा नसतोच, ती वायाच जातात.

एप्रिल २०२२ मध्ये पुढचं पाऊल पडलं. ब्रेनडेड नव्हे, तर धडधड थांबून मृत्यू झालेल्या डोनरच्या हृदयांसाठीही मशीनला परवानगी मिळाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी हृदयं मिळालेले ९४ टक्के पेशंट सहा महिन्यांनी हयात होते. नेहमीच्या पद्धतीत हा आकडा ९० टक्के होता.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही गॅजेटच्या जाहिरातीत ‘एफडीए’ दिसलं, की दोनच प्रश्न विचारा. क्लिअरन्स की अप्रूव्हल? आणि नेमकं कुणासाठी?