वार्षिक शेरा आणि माणसाचा स्वभाव

मार्च महिना सरत आला की सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांतून एक कागद हिंडू लागतो. गुजरातीत त्याला 'खानगी अहेवाल' म्हणतात; महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे तो 'गोपनीय अहवाल' या नावाने ओळखला गेला. नावे निराळी, धाक एकच. वर्षभराच्या चाकरीचे मोल वरिष्ठाने चार शब्दांत करावयाचे आणि त्या चार शब्दांवर पुढची बढती ठरावयाची, असा हा प्रकार आहे. भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात खानदेशातून माणसे आली ती मागावर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत पोट भरण्यासाठी. त्यांची मुले-नातवंडे आता शाळांत, बँकांत आणि कचेऱ्यांत नोकरी करू लागली आहेत. तेव्हा या कागदाचा विचार आपल्या घरांतूनही व्हावयास हवा.

मागावरच्या विणकराला मजुरी मिळते ती मीटरवर. विणकर अबोल आहे की बोलका, हे मोजपट्टीला कळत नाही. (तरीही चांगला माग कोणाच्या वाट्याला यावा हे पुष्कळदा वरच्याच्या मर्जीवर असते. मुंबईच्या गिरणगावात तर कामगाराची भरतीसुद्धा जॉबरच्या हाती असे, आणि १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाने त्या पद्धतीवर कडक टीका केली होती.) शिक्षकाचे किंवा कारकुनाचे काम मात्र मीटरने मोजता येत नाही. तेथे वरिष्ठाची नजर हीच मोजपट्टी.

आणि नजरेला एक जुनी खोड आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली ती दाखवून दिली. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी दिलेले अंक त्याने तपासले. पाहतो तो एका गुणात वर असलेला मनुष्य बहुधा सगळ्याच गुणांत वर! शरीराने देखणा तो बुद्धीनेही थोर ठरलेला. अधिकारी अप्रामाणिक नव्हते. एका गुणाचा उजेड त्यांच्या नकळत इतर गुणांवर पडत होता. देवाच्या तसबिरीतील मस्तकामागच्या तेजोवलयावरून या दोषाचे इंग्रजी नाव पडले.

याचा अर्थ स्वभावाचा कामाशी संबंधच नाही, असा मुळीच नाही. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या संशोधकांनी १९९१ साली शंभरावर अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. अंगीकारलेले काम नेटाने तडीस नेण्याची वृत्ती, म्हणजेच कर्तव्यदक्षता, ही त्यांनी पाहिलेल्या सर्व प्रकारच्या व्यवसायांत उपयोगी ठरलेली आढळली. मनमोकळा, बोलका स्वभाव मात्र विशेषेकरून विक्रीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामात फळास येतो. हा भेद अहवाल लिहिणाराने ध्यानी धरला तर किती बरे होईल! हिशेबनीसाच्या अबोलपणाने हिशेब चुकत नाही.

केंद्र सरकारने या अहवालाचा नमुना बदलला तेव्हा अनेक सेवांसाठी गुणांची विभागणी ठरवून दिली: प्रत्यक्ष कामाला ४० टक्के, व्यक्तिगत गुणांना ३० आणि कार्यक्षमतेला ३०. व्यक्तिगत गुणांच्या यादीत जबाबदारीची जाणीव आहे, वक्तशीरपणा आहे, संभाषणकौशल्य आहे, आणि एकंदर व्यक्तिमत्त्व असाही एक रकाना आहे. म्हणजे स्वभावाला त्याचा वाटा नियमानेच दिलेला आहे. माझी तक्रार त्या तिसांबद्दल नाही. ते तीस उतू जाऊन कामाच्या चाळिसांत मिसळतात, तेथे अन्याय सुरू होतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत त्यात भाषेची भर पडते. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि कचेरीत गुजराती. जो मुलगा बैठकीत शब्द जुळवीत बोलतो तो मंद वाटतो. त्याने तयार केलेली टिपणे चोख असली तरी ती बैठकीत बोलत नाहीत. शिवाय आपण त्याला लहानपणापासून शिकविलेले असते की आपल्या तोंडाने आपली थोरवी गाऊ नये. मग स्वयंमूल्यमापनाच्या पानावर तो 'नेमून दिलेली कामे केली' एवढे एकच वाक्य लिहितो आणि वरिष्ठाच्या हाती त्याच्या चेहऱ्याखेरीज काही उरत नाही. किती वर्गांना शिकविले, किती प्रकरणे निकाली काढली, कोणत्या तारखेस, हे लिहिणे म्हणजे बढाई नव्हे. तो हिशेब आहे.

वरिष्ठांविषयीही थोडे बोलावयास हवे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हजारो व्यवस्थापकांना मिळालेले शेरे तपासले गेले. त्या शेऱ्यांतील निम्म्याहून अधिक तफावतीचे मूळ शेरे देणाराच्या स्वतःच्या धाटणीत सापडले. कोणाचा हात सढळ, कोणाचा आखडता. मार्चमध्ये लिहावयास बसलेल्या मनुष्याला जानेवारीतील वाद आठवतो, जुलैतील कष्ट आठवत नाहीत. माझ्या मते यावर उपाय एकच: प्रत्येकासाठी वहीचे एक पान, त्यावर वर्षभर तारीखवार नोंदी, आणि शेरा लिहिताना तेवढेच पान समोर.

आखडत्या हाताने काय होते, हे देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यावरून दिसते. देव दत्त हे सीमा सडक सेवेतील कार्यकारी अभियंता. बढतीसाठी पाच वर्षे 'अतिउत्तम' शेरा हवा होता. त्यांना १९९३-९४ या एका वर्षी नुसता 'उत्तम' मिळाला. ऐकावयास हा शब्द गोडच! परंतु त्यापायी त्यांची बढती हुकली. तो शेरा त्यांना कळविण्यातच आला नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोवर ते सेवानिवृत्तही झाले होते. शेरा प्रतिकूल आहे की नाही हे त्याच्या शब्दावरून नव्हे, परिणामावरून ठरते, असे न्यायालयाने म्हटले आणि लष्कर वगळता सर्व सरकारी सेवकांना प्रत्येक शेरा कळविला पाहिजे असा दंडक घातला.

पुढच्याच वर्षी, १४ मे २००९ रोजी, केंद्र सरकारने आदेश काढला. संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखवावयाचा, आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी त्याला पंधरा दिवस मिळतात. अहवाल हाती पडल्याची सही मात्र पुष्कळजण व्हरांड्यात उभ्या उभ्या, आतले न वाचताच करून टाकतात. आणि पंधरा दिवस मोजले जातात ते त्या सहीच्या तारखेपासून.