अंथरूण आपणच शिवावे

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. बँकेच्या नोकरीत कर्जाचे अर्ज तपासताना मीही तीच गोष्ट निराळ्या शब्दांत ग्राहकांना सांगत आले. मिळकत पाहून खर्च करावा, एवढाच तिचा अर्थ मला ठाऊक होता. अंथरूण तोकडे पडू लागले तर घरातल्याच कापडातून ते वाढवताही येते, हा दुसरा अर्थ मला उशिरा उमगला. तो शिकवला माझ्या सासूबाईंनी. आणि तोही साताऱ्याकडच्या आमच्या गावात नव्हे, तर थेट कोलकात्यात!

दोन घरांचा संसार

सन २००६ च्या जून महिन्यात मला पदोन्नती मिळाली आणि तिच्यासोबत कोलकात्याची बदली. यजमानांची नोकरी पुण्यात. तिथल्या सदनिकेचा गृहकर्जाचा हप्ता चालू होता. नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई यांना घेऊन मी दक्षिण कोलकात्यातील एका भाड्याच्या घरात आले. आता एका पगारात एक नव्हे, तर दीड घर चालवायचे होते.

परक्या गावी घराला घरपण यावे म्हणून मी पहिल्याच महिन्यात सोफा, पडदे आणि जेवणाच्या टेबलाचा संच हप्त्याने घेतला. असाच अर्ज एखाद्या ग्राहकाने आणला असता, तर मी त्याला दहा प्रश्न विचारले असते. स्वतःच्या अर्जावर मात्र डोळे झाकून सही केली. घर देखणे दिसू लागले, परंतु त्यात रमले कोणीच नाही. मुलगा दूरचित्रवाणीसमोर बसून राही. सासूबाई नव्या सोफ्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसत. त्यांना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. दिवसेंदिवस त्यांचे जेवण कमी होत गेले. ‘मला गावाकडं पोचती कर, पोरी,’ एवढेच त्या संध्याकाळी म्हणत.

पदोन्नती सोडून मूळ जागी परत पाठवण्याची विनंती करणारा अर्ज मी डिसेंबरात लिहून ठेवला. आपल्यापैकी अनेक भगिनींनी असा अर्ज केव्हा ना केव्हा लिहिला असेल, निदान मनात तरी. तो अर्ज ड्रॉवरमध्ये पडून असतानाच पुढची गोष्ट घडली.

जुनेरांची गोधडी

थंडी पडू लागली होती आणि मी रजया विकत आणण्याच्या विचारात होते. सासूबाईंनी गावाहून आणलेले गाठोडे सोडले. त्यात त्यांची जुनी नऊवारी लुगडी होती. ‘एवढी जुनेरं असताना रजया कशाला?’ असे म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत कापड पसरले आणि दार वारा यावा म्हणून उघडे ठेवले. जिन्याने जाणाऱ्या शेजारच्या माशीमा (बंगालीत मावशीसारख्या स्त्रीला अशी हाक मारतात) दारातच थबकल्या. ‘कांथा!’ एवढा एकच शब्द त्या आनंदाने उच्चारल्या आणि आत येऊन बसल्या.

आपली गोधडी आणि बंगालची कांथा या सख्ख्या बहिणी आहेत. जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून साध्या धावदोऱ्याने शिवणे हेच दोघींचे तंत्र. बंगालमध्ये जुन्या साडीच्या काठातील रंगीत धागे ओढून काढून त्यांनीच कांथा शिवण्याची रीत होती. म्हणजे दोराही विकत आणायचा नाही! भारतीय सनदी सेवेतील अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी बंगालच्या खेड्यापाड्यांतून लोककलेचा जो संग्रह जमवला, त्यात या कांथांना मानाचे स्थान मिळाले. बिहारची सुजनीही याच कुळातली.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात कृती अशी : मऊ झालेले सुती कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नऊवारी लुगड्याचे चार सारखे तुकडे केले की एका गोधडीचे चार थर होतात. विरलेला कपडा आतल्या थरांत ठेवावा. वरचा आणि खालचा थर धडका असावा. सर्व थर जमिनीवर ताणून पसरावेत आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत, म्हणजे आतल्या थराला चुण्या पडत नाहीत. मग कडा आत दुमडून धावदोऱ्याच्या रांगा दोन बोटांच्या अंतराने घालाव्यात. घाई करू नये. पहिली गोधडी मोठी न करता उशीच्या अभ्र्याएवढे आसन शिवून पाहावे.

त्या दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, पण टाका कळत होता. दुपारी दोन ते चार अशी त्यांची बैठक ठरून गेली. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी मला विचारले, ‘अगं, हिला चहा पी म्हणायचं तर काय म्हणायचं?’ गावी परतण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

साल, शिरा आणि शिळा भात

गोधडीमागोमाग स्वयंपाकघराची दारेही एकमेकींना उघडली. माशीमांनी एकदा दुध्याच्या सालीची भाजी आणली. साल बारीक चिरून, बटाट्याच्या काचऱ्यांसह मोहरीच्या तेलात कलौंजीच्या फोडणीवर परतलेली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दोडक्याच्या शिरांची चटणी पाठवली. शिरा तेलावर कुरकुरीत परतायच्या. तीळ आणि सुके खोबरे भाजून घ्यायचे. लाल तिखट आणि मीठ घालून सारे एकत्र जाडसर कुटायचे. दोन्ही घरांत जी वस्तू कचऱ्यात जायची, तिचे पानातले एक तोंडीलावणे झाले. कलिंगडाचा लाल गर खाल्ल्यावर उरणारा पांढरा भाग किसून त्याची धिरडी करता येतात, फुलकोबीचे कोवळे दांडे रस्सा भाजीत शिजवता येतात. मात्र साल वापरायची तर भाजी स्वच्छ, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी.

उरलेल्या भाताचेही तसेच. आपण फोडणीचा भात करतो. बंगालमध्ये रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी तो मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि मोहरीचे कच्चे तेल घालून खातात. तो पान्ता भात. ओडिशात त्याला पखाळ आणि छत्तीसगडात बासी म्हणतात. उन्हाळ्यात तो पोटाला थंडावा देतो. फोडणीसाठी ठेवायचा भात मात्र ओट्यावर तासन् तास उघडा राहू देऊ नये. वाफ जिरताच शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

इंधनाची बचत हा तिसरा धडा. तांदूळ अर्धा तास आणि कडधान्ये रात्रभर भिजवली तर कमी वेळात शिजतात. कुकरला वरण, भात आणि भाजी एकावर एक डब्यांत लावावी व पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी. सासूबाईंची आणखी एक युक्ती होती. भाताला चांगली उकळी आली की पाच मिनिटांनी पातेले उतरवून, घट्ट झाकण लावून, जुन्या गोधडीत सर्व बाजूंनी गुंडाळून पाऊण तास ठेवायचे. आतल्या उष्णतेवरच भात मोकळा शिजतो. थंडीत दही लागण्यासाठी विरजणाचे भांडे याच गोधडीत जाई. राजमा मात्र अशा तऱ्हेने कधीही शिजवू नये. त्याला कुकरची पूर्ण उकळीच हवी.

भिंतीवरचे तांदूळ

सजावटीवर खर्च करण्याची माझी हौस तोवर ओसरली होती. माशीमांकडून मी आल्पना शिकले. आपली रांगोळी कोरड्या पुडीची आणि चिमटीतून सुटणारी, आल्पना ओली. भिजवलेले तांदूळ वाटून केलेल्या पातळ पिठात कापडाचा लहानसा बोळा बुडवायचा आणि बोटांच्या टोकावरून ओघळणाऱ्या धारेने जमिनीवर वेली काढायच्या. वाळली की पांढरीशुभ्र दिसते.

याच तांदळाच्या पिठाने आपल्या वारली बांधवांनी गेरू-मातीच्या भिंती पिढ्यान् पिढ्या रंगवल्या. ती कला भिंतीवरून कागदावर आणणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. बिहारमध्ये १९६६–६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवले आणि तेथील स्त्रियांनी घराच्या भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास प्रारंभ केला. अनेक घरांना त्यातून मिळकत झाली. आज ‘मधुबनी’ म्हणून जी चित्रे आपण चौकटीत लावतो, त्यांचा उगम घरच्या भिंतीत आणि घरच्या रंगात आहे.

मुलाने खोक्याच्या पुठ्ठ्यावर गेरू फासून त्यावर पांढऱ्या रंगाने आमचे घर काढले : आजी, माशीमा, जिना, ट्राम. तो पुठ्ठा सोफ्यामागच्या भिंतीवर लागला आणि येणारा प्रत्येक पाहुणा प्रथम त्याकडे पाहू लागला. विकत घेतलेल्या पडद्यांविषयी मात्र कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही.

एक रात्र कोजागरीची

सन २००७ ची कोजागरी आमच्या गच्चीवर साजरी झाली. आश्विन पौर्णिमेला आपण चंद्राला आटीव दुधाचा नैवेद्य दाखवतो; बंगालमध्ये त्याच रात्री घरोघरी लक्ष्मीपूजा असते आणि दारापासून देवघरापर्यंत आल्पनेने लक्ष्मीची पावले काढतात. दोन सणांचा एक सण झाला. आम्ही वेलची, जायफळ आणि थोडे केशर घातलेले दूध नेले. माशीमांनी गुळात केलेले नारळाचे लाडू आणले. इमारतीतील पाच-सहा कुटुंबे आपापल्या घरातून चटया घेऊन आली. खर्च झाला तो दूध, साखर आणि नारळांचा. त्या गोधडीवर बसून सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. अर्थ कोणाला कळला नाही, तरी पुन्हा म्हणण्याचा आग्रह झाला.

खाली आल्यावर मी ड्रॉवरमधला अर्ज काढून फाडला. सासूबाईंना त्याविषयी मी कधीच सांगितले नव्हते. आम्ही २०१० पर्यंत कोलकात्यात राहिलो.

काटकसर कोठे करू नये

या साऱ्यातून दोन सावधगिरीच्या गोष्टीही शिकले. पहिली अशी, की घरी केलेली वस्तू फुकट नसते. तिच्यात कोणाचे तरी श्रम असतात आणि बहुधा ते एकाच बाईचे असतात. नोकरी सांभाळून हे सारे मी एकटीने करायचे ठरवले असते तर काटकसरीची शिक्षाच झाली असती. म्हणून आम्ही वाटणी केली. भाजी निवडणे मुलाकडे, सुट्टीला आलेल्या यजमानांकडे कापड ताणणे आणि कुटणे, शिवण दोघी ज्येष्ठांकडे, हिशेब माझ्याकडे. ज्या घरात हात वाटले जातात, तिथेच बचतीचा आनंद वाटला जातो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावीच. कुकरची कडक झालेली रिंग आणि विजेची उघडी पडलेली वायर यांत पैसे वाचवू नयेत. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवणे हीदेखील खोटी बचत. वापरलेल्या तेलातील अपायकारक घटकांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. याउलट काही ठिकाणी आधी खर्च करणे हीच बचत असते. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट वीज लागते; ९ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही.

सोफ्याचे हप्ते फिटले त्या महिन्यापासून तेवढीच रक्कम मी आवर्ती ठेवीत टाकू लागले. पैसे जात तेवढेच, फक्त आता ते आपल्याच नावावर जात. कोलकाता सोडताना सोफा विकला आणि त्याची किंमत पाहून बरेच काही शिकले. गोधडी मात्र सामानात सर्वांत वर बांधली.

सासूबाई आता नाहीत. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. भाड्याच्या घरात सामान लावायचे म्हणून परवा त्याने काय काय घेऊ, असे विचारायला फोन केला. मी त्याला म्हटले, ‘आधी महिनाभर काही घेऊ नकोस. शेजारी कोण राहतं ते पाहा.’ गोधडी पाठवून दिली आहे. तिच्या एका कोपऱ्यात काठाच्या लाल धाग्याने काढलेले एक छोटेसे कमळ आहे. ते माशीमांच्या हातचे.