घरी रेकॉर्ड केलेलं पहिलं गाणं ऐकवताय? मग "कसं वाटलं?" एवढंच विचारू नका

समजा, पलूसमधली चार पोरं आहेत. एकजण गातो, एकजण कीबोर्ड वाजवतो, एकाचा बँजोवर हात बसलाय आणि चौथा ढोलकीवाला. यात्रेत, गणपतीत, लग्नाच्या वरातीत वाजवून झालंय. आता स्वतःचं गाणं करायचं ठरतं. स्टुडिओ परवडत नाही, म्हणून मागच्या खोलीत दाराखिडक्यांना रजया लावून, एक माईक आणि एका लॅपटॉपवर रेकॉर्डिंग होतं. रात्री दोन वाजता पहिली फाईल तयार होते आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पडते.

"भावांनो, कसं वाटलं?"

पाच मिनिटांत उत्तरं येतात. लई भारी. नाद खुळा. आगीचे बारा इमोजी. पोरं खूश होतात आणि तेच गाणं यूट्यूबवर टाकतात. मग अनोळखी माणूस खाली लिहून जातो, "गाण्याचे शब्दच कळंनात." तोवर वेळ गेलेली असते.

आता यात मित्र खोटं बोलले का? तर नाही. प्रश्नच चुकला होता.

रफ मिक्स म्हणजे काय?

घरी रेकॉर्ड करताना प्रत्येक वाद्य आणि आवाज शक्यतो वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात. ते एकत्र करून कुणाचा आवाज किती ठेवायचा, कोण डावीकडं, कोण उजवीकडं, हे ढोबळमानानं बसवलं की झाला रफ मिक्स. भाषेत सांगायचं तर हा कच्चा खर्डा. खोडायला, बदलायला मोकळा. म्हणूनच मत घ्यायची खरी वेळ हीच असते. गाणं पक्कं झाल्यावर मिळालेलं मत फक्त वाईट वाटायच्या कामाचं.

पण आपल्याच कानावर विश्वास का ठेवायचा नाही?

पहिलं कारण म्हणजे ओळख. गाणाऱ्याला शब्द पाठ असतात. ढोलकीखाली शब्द दबला तरी त्याचा मेंदू तो भरून घेतो. त्याला सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येत नाही.

दुसरं कारण म्हणजे मोठा आवाज. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी कानाची एक खोड मोजून दाखवली. आवाज कमी असताना आपल्याला खर्जातला ठेका आणि अगदी बारीक, टोकाचे आवाज कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरतात. म्हणून तोच मिक्स मोठ्यानं लावला की जास्त चांगला वाटतो. दोन मिक्समधला कुठला बरा हे ठरवायचं असेल, तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. नाहीतर दरवेळी मोठा वाजणाराच जिंकणार.

तिसरं कारण जरा नाजूक आहे. बँडमधल्या प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी वाटतं. ढोलकीवाला म्हणतो ढोलकी वाढव, बँजोवाला म्हणतो बँजो, गाणारा म्हणतो आवाज. सगळंच वाढवलं की शेवटी होतो गोंगाट. अशा वादात पहिल्या गाण्यालाच बँड फुटायची वेळ येऊ शकते. यावर साधा उपाय म्हणजे वाढवायचं नाही, दुसऱ्याचं कमी करायचं. शब्द दबत असतील तर गायकाचा आवाज चढवण्याआधी बँजो आणि कीबोर्ड खाली घेऊन बघा. हे सगळे आवाज एकाच पट्ट्यात गर्दी करतात, म्हणून एकमेकांना झाकतात.

मिरजेत हे काम कसं होतं?

आता पलूसच्या पोरांनी किर्लोस्करवाडीला रेल्वे पकडली, तर भिलवडी, नांद्रे, सांगली करत ती मिरजेला उतरतील. सतार आणि तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोरा बनवताना जवारी लावणं हे सगळ्यात कसबाचं काम. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानशीनं अगदी किंचित घासून त्याला बाक द्यायचा. मग तार छेडायची, ऐकायची, पुन्हा किंचित घासायचं. गवयी म्हणतो, "अजून जरा खुली पाहिजे." कुठं आणि किती घासायचं ते तो सांगत नाही. ते कारागिराचं काम.

मिक्सवर मत घेतानाही हेच लागू आहे. ऐकणारा कुठं खटकलं ते बरोबर सांगतो. उपाय मात्र तो अंदाजानं सांगतो. "ढोलकी कमी करा" असं कुणी म्हणालं, तर ते शब्दशः घेऊ नका. कदाचित ढोलकी ठीक असेल आणि खोलीचा घुमारा नडत असेल. म्हणजे दुखणं त्याच्याकडून घ्यायचं, औषध आपण शोधायचं.

मग विचारायचं कुणाला?

तीन माणसं पुरतात. एक, ज्यानं गाणं कधीच ऐकलेलं नाही असा कुणीही. आत्या, शेजारचे काका, कॉलेजातली मैत्रीण. दोन, त्याच धाटणीचं संगीत वाजवणारा कुणीतरी. तीन, मंडपाचा साउंड लावणारा माणूस. रोज रात्री मिक्सरवर बसून त्याचा कान तयार झालेला असतो, पण त्याला कुणी विचारतच नाही.

आणि विचारायचं काय?

- पहिल्या कडव्याचे शब्द लिहून दाखव. (जे चुकले, ते दबलेत.)
- कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला कंटाळा आला?
- कानाला टोचणारं काही आहे का, आणि कुठं?
- गाणं संपल्यावर कुठलं वाद्य लक्षात राहिलं?

"कसं वाटलं?" या प्रश्नावर माणूस नातं सांभाळून उत्तर देतो. या प्रश्नांवर त्याला गाणं ऐकावंच लागतं.

पाठवताना एवढं सांभाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी पोचते. फोनवर वाजवून दुसऱ्या फोननं रेकॉर्ड केलेली क्लिप पाठवू नका. नावात तारीख घाला. "फायनल", "फायनल नवीन", "एकदम फायनल" असल्या नावांत कुणी कुठला मिक्स ऐकला तेच कळत नाही.

स्वतःही तीन ठिकाणी ऐका. फोनचा स्पीकर, साधे इअरफोन आणि मोठी सिस्टीम. आपल्याकडं उसाच्या ट्रॅक्टरवर टेप असतोच. फोनच्या स्पीकरला खर्ज जवळपास येतच नाही आणि ट्रॅक्टरवर खर्जाशिवाय काही येत नाही. दोन्हीकडं शब्द कळले तर मिक्स बरा जमलाय. मोठ्या स्टुडिओंतही साध्या स्पीकरवर ऐकून बघतात. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती वापरासाठी आलेला स्पीकर. पुढं जगभरच्या स्टुडिओंत तो दिसू लागला, तो याच कामासाठी.

मतं आल्यावर

वाद घालू नका, लिहून घ्या. "अरे, पण आमच्याकडं माईक एकच होता" हे यूट्यूबवर ऐकणाऱ्याला कुणी सांगायला जाणार नाही. एकट्यानं सांगितलेलं असेल तर विचार करा. तिघांतल्या दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर ते दुरुस्त कराच. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल.

काही गोष्टी मिक्समध्ये सहसा सुटत नाहीत. फाटलेला आवाज, पत्र्याच्या खोलीचा घुमारा, बेसूर लागलेली ओळ. तिथं दोन रात्री घालवण्यापेक्षा ती ओळ पुन्हा गाऊन घेतलेली परवडते. रफ मिक्सलाच हे कळलं तर अर्ध्या तासाचं काम असतं.

आणि घरी रेकॉर्ड केलं म्हणून कमीपणा मानायचं कारण नाही. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम बऱ्याच अंशी लॉस एंजेलिसमधल्या घरातल्या बेडरूममध्ये, भाऊ फिनियसच्या साथीनं झाला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पण त्याचा मिक्स मात्र या दोघांनी केला नव्हता. तो रॉब किनेल्स्की या तिसऱ्या माणसानं केला.

त्यामुळं आज रात्री फाईल तयार झाली तरी लगेच ग्रुपवर टाकू नका. दोन दिवस ठेवा. मग तिघांना पाठवा आणि सोबत वरचे चार प्रश्न जोडा. इमोजी कमी येतील, पण गाणं सुधारायला काहीतरी हाताला लागेल.