उजळपणा नको, ओलावा हवा

रमजानचे शेवटचे दहा दिवस जवळ आले की रत्नागिरीच्या बाजारात संध्याकाळची गर्दी वाढते. शेवया, सुका मेवा, अत्तर, बांगड्या आणि कपड्यांच्या खरेदीत एक लहानशी डबीही असते, आठवड्याभरात चेहरा उजळवण्याचा दावा करणारी. कधी ती आखातातून सुटीवर आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून घरात येते. ती हवी असणाऱ्या सगळ्या तरुण मुलीच असतात असे नाही. गालावर वांग उमटलेल्या, ईदच्या दिवशी पाहुण्यांसमोर चेहरा थकलेला दिसू नये असे वाटणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायकाही ती लावतात. खरे तर याच वयात ती डबी सर्वांत कमी उपयोगाची आणि जास्त धोक्याची ठरते.

चाळिशीनंतर त्वचेतले तेल कमी होऊ लागते, ती पातळ होते आणि पाणी धरून ठेवण्याची तिची ताकद घटते. भारतात पाळी साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले सुमारे ३० टक्के कोलॅजन, म्हणजे तिला घट्टपणा देणारे प्रथिन, कमी होते. त्यामुळे विशीत सोसवलेला साबण पन्नाशीत बोचतो. चेहरा ओढल्यासारखा वाटतो, पोटऱ्यांना खाज सुटते आणि टाचा फुटतात. पुरुषांची त्वचाही कोरडी होते, फक्त हळूहळू.

सध्या रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. या दिवसांत पूर्वेकडून कोरडा वारा वाहतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की रत्नागिरीचा पारा एकदम चढतो. दिवसभर पाणी नाही आणि पाच वेळच्या नमाजेआधी वजू, म्हणजे हात, तोंड आणि पाय धुणे. या धुण्याने त्वचेचे नुकसान होत नाही. वजूला साबण लागत नाही, साधे पाणी पुरते. नुकसान होते ते दर वेळी साबण लावल्याने, टॉवेलने खसाखसा पुसल्याने आणि नंतर काहीच न लावल्याने. ओल टिपून घेऊन दोन-तीन मिनिटांत ओलसर त्वचेवरच क्रीम लावले, तर धुण्याचे पाणी आत टिकून राहते. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. ग्लिसरीन असलेले साधे लोशन चेहऱ्याला चालते. हातापायांना कोकणातल्या घराघरांत असलेले खोबरेल तेल उत्तम, मात्र चेहऱ्यावर पुटकुळ्या येणाऱ्यांनी ते तोंडाला टाळावे. अंगाला तेल किंवा मलम लावल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. त्यामुळे महिनाभर त्वचा कोरडी ठेवण्याचे कारण नाही.

पायांकडे वेगळे लक्ष हवे. वजूनंतर बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या की चिखल्या होतात. मधुमेह असलेल्यांना त्यातून जखम आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून बेचक्या कोरड्या कराव्यात आणि क्रीम टाचांना लावावे, बोटांच्या मध्ये नाही.

वांगाचे मोठे कारण ऊन. मासळी विकणारी, बागेत आंबा-काजूचे काम करणारी किंवा दुचाकीवरून कार्यालयात जाणारी बाई रोज त्याला सामोरी जाते. ओढणी, पदर, टोपी, छत्री हे पहिले संरक्षण. उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचे सनस्क्रीन लावावे. ते दर दोन तासांनी पुन्हा लावायचे असते. वजूच्या पाण्याने ते धुतले जाते, म्हणून दुपारच्या जोहरच्या नमाजेनंतर लगेच लावण्याची सवय सोयीची. लिंबाचा रस चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नये. त्याने डाग जाण्याऐवजी त्वचा भाजते आणि काळी पडते.

आता त्या डबीविषयी. अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांवर गोरेपणाच्या क्रीममुळे परिणाम झाल्याचे २०२३ मध्ये समोर आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला, क्रीममध्ये पारा होता. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्याचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. पारा रंग बनवणारी क्रिया रोखतो, म्हणून चेहरा आधी उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो. भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर उत्पादकाचा पत्ता नसेल, 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' असे लिहिले असेल, किंवा सोन्या-चांदीच्या दागिन्यांपासून दूर ठेवण्याची सूचना असेल, तर ती घेऊ नये.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. अशी १४ औषधे असलेली मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तरीही शेजारणीने सांगितले म्हणून ती लावली जातात. आधीच पातळ होत चाललेली त्वचा त्याने आणखी पातळ होते, लाल पडते, नको तिथे केस उगवतात. बरेच दिवस लावत असाल तर एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. उजळपणाच्या क्रीमनंतर पायांना सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीची तपासणी लगेच करून घ्यावी.

सुरकुत्यांवर रेटिनॉलसारखी उपयोगी क्रीम आहेत. आठवड्यातून दोन रात्री, तरावीहनंतर, वाटाण्याएवढे क्रीम पुरे. सुरुवातीला त्वचा सोलते, त्यामुळे ईदच्या आठवड्यात त्याचा प्रयोग करू नये. परिणाम दिसायला काही महिने लागतात.

इफ्तार ते सहेरी थोडे थोडे पाणी, सौम्य साबण, वजूनंतर ओलावा, उन्हात सावली. एवढ्याने वांग आठ दिवसांत जाणार नाही, पण चेहऱ्याची जळजळ आणि ओढ कमी होते, आणि ईदनंतरही पुढे चालू ठेवता येईल अशी सवय लागते. आईसाठी किंवा सासूसाठी ईदी म्हणून काही घ्यायचेच असेल, तर उजळपणाच्या डबीऐवजी साध्या लोशनची बाटली आणि एक चांगली छत्री घ्यावी.