नंबर पुण्याचा, माणूस मडगावचा

टेलिफोनचा नंबर म्हणजे पत्ताच, असं समजायची आपल्या पिढीला सवय आहे. ०२२ म्हटलं की मुंबई, ०२३१ म्हटलं की कोल्हापूर, ०७१२ म्हटलं की नागपूर. पुण्याचा कोड नव्वदच्या दशकात ०२१२ होता, पुढे तो ०२० झाला. पण त्यामागचं गाव काही बदललं नाही. नंबरामागे एक तार होती आणि तारेच्या टोकाला एक ठरावीक टेबल. साहेब जागेवर नसले तर फोन रिकाम्या खुर्चीसमोर वाजत राहायचा.

मी गेली तीस वर्षं कचेऱ्यांमधून टेलिफोन यंत्रणा बसवतो आहे. बोर्ड, एक्स्टेंशन, ‘बाहेरची लाइन हवी असेल तर आधी शून्य दाबा’ असा माझा संसार. या काळात यंत्रं किती बदलली हे सांगत बसलो तर पुरवणीची पानं पुरायची नाहीत. पण त्यातला सगळ्यांत मोठा बदल एकच: नंबर आणि जागा यांची गाठ सुटली.

ती सुटायला सुरुवात आधीच झाली होती. मार्च २०२० च्या टाळेबंदीनं ती सगळ्यांना दिसली. माणसं घरी बसली आणि कचेरीतले फोन कुलपाआड वाजत राहिले. तेव्हा ‘सॉफ्टफोन’ हा शब्द घराघरांत पोचला. सॉफ्टफोन म्हणजे संगणकात किंवा मोबाइलमध्ये घातलेला एक प्रोग्रॅम. कानाला हेडफोन लावायचा, की आपलं कचेरीतलं एक्स्टेंशन आपल्या जेवणाच्या टेबलावर हजर! कॉल सेंटरसारख्या व्यवसायांना घरून काम करता यावं म्हणून दूरसंचार विभागानंही नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये आपले नियम बरेच सैल केले.

आता हे चालतं कसं? समजा, एका कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्याला आहे, शाखा नाशिक आणि कोल्हापूरला, आणि काही माणसं आपापल्या गावी घरून काम करतात. प्रत्येकाचा सॉफ्टफोन दर काही मिनिटांनी पुण्याच्या यंत्रणेला कळवत असतो, ‘मी अमुक, सध्या इंटरनेटवर या ठिकाणी आहे.’ यंत्रणा ती नोंद आपल्या वहीत ठेवते. मग कोल्हापूरच्या गिऱ्हाईकानं कोल्हापूर शाखेचा नंबर लावला की फोन आधी शाखेत वाजतो. चार घंट्यांत कुणी उचलला नाही तर कराडला घरी बसलेल्या मुलीच्या कानात वाजतो. तीही बोलत असेल तर पुण्याला जातो, आणि शेवटी निरोप ठेवायची विनंती ऐकू येते. गिऱ्हाईकाला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीनं कोल्हापूरच बोलतं.

जुन्या वाचकांना यात ट्रंक कॉलचा ‘पी.पी.’ आठवेल. नुसता नंबर न मागता ठरावीक माणूस मागायचा, आणि त्याचे थोडे जादा पैसे पडायचे. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांच्या नंबरापुढेही हीच दोन अक्षरं छापलेली असत. जोशीकाकूंनी गॅलरीतून हाक मारायची आणि आपण पदर खोचून धावायचं. आजचा सॉफ्टफोन हा एका अर्थी पी.पी. कॉलच आहे. तो टेबल शोधत नाही, माणूस शोधतो. जोशीकाकूंचं काम तेवढं यंत्र करतं.

इथवर सगळं छान आहे. पण अशीच एक यंत्रणा बसवून झाल्यावर मी तिथल्या मंडळींना ती शिकवत होतो, तेव्हा मडगावहून पडद्यावर हजर असलेल्या एका मुलीनं विचारलं, “काका, माझ्या सासूबाईंना हृदयाचा त्रास आहे. दिवसभर घरात आम्ही दोघीच. हेडफोन कानालाच असतो. घाईत यावरूनच ११२ लावला तर तो कुठं लागेल?”

शिकवणीच्या वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचितच येतो. मी तिला माझ्या मोबाइलवर फोन करायला सांगितलं. पडद्यावर आकडे उमटले ते ०२० पासून सुरू होणारे. कारण तिचा आवाज मडगावहून इंटरनेटनं पुण्याला येतो आणि पुण्याच्या लाइनवरून बाहेर पडतो. पुढच्या एक्स्चेंजला दिसतं ते पुणं. मदतीची हाक गोव्यातून निघायची आणि पोचायची महाराष्ट्रात! इंटरनेटवरच्या नोंदीतूनही घर सापडत नाही. ती फार तर शहराचा अंदाज देते, आणि संगणक कंपनीच्या खासगी जाळ्यातून जोडलेला असेल तर तोही पुण्याचाच.

हा प्रश्न काल्पनिक नाही. कचेरीसारख्या यंत्रणेतून तातडीचा फोन लावणं किती अवघड होऊ शकतं, याची किंमत अमेरिकेत मोजली गेली आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सासमधल्या मार्शल गावी एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट या तरुण आईवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, शाळेत शिकवल्याप्रमाणे, ९११ लावला. एकदा नव्हे, चार वेळा. फोन लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागे. त्या पोरीला हे कोण सांगणार? आई वाचली नाही. २०१८ मध्ये तिच्या नावानं कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून तो लागू झाला: नव्या यंत्रणेत ९११ थेट लागलाच पाहिजे, आणि तो लावला गेल्याचं त्याच वेळी स्वागतकक्षालाही कळलं पाहिजे. त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या कायद्यानं, फोन करणाऱ्याची जागा कळवण्याचं बंधन जानेवारी २०२२ पासून घरून वापरल्या जाणाऱ्या फोनांपर्यंतही आणलं.

मडगावच्या प्रश्नानंतर आम्ही त्या कंपनीत तीन गोष्टी केल्या. प्रत्येक एक्स्टेंशनपुढे त्या माणसाच्या घरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवला. कुणीही ११२ दाबला की पुण्याच्या स्वागतकक्षातल्या पडद्यावर नाव आणि पत्ता झळकेल अशी सोय केली. आणि सगळ्यांना बजावलं की घरी काही झालं तर कचेरीच्या फोनच्या वाटेला जाऊ नका, स्वतःचा मोबाइल उचला. मोबाइलचा कॉल आपण असतो त्याच भागातल्या टॉवरवरून निघतो.

घरून काम करणारं कुणी आपल्या घरात असेल, तर आजच्या रविवारी एवढं करा. संगणकाजवळ एक कागद चिकटवा: ११२, घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण. घरातल्या मुलांना कुलूप लावलेल्या मोबाइलवरूनही ११२ कसा लावायचा ते दाखवून ठेवा. पूर्वी फोन उचलला की आपण विचारायचो, ‘कोण बोलतंय?’ तातडीच्या वेळी पलीकडचा माणूस विचारतो, ‘कुठून बोलताय?’ त्याचं उत्तर एके काळी नंबरच देत असे. आता ते आपल्यालाच द्यावं लागणार आहे.