मुठ्यांचीही मोजदाद हवी!

जनगणना होते, गुरांची गणना होते. मग ओढ्यातल्या मुठ्यांची का होऊ नये? हसू नका. पहिला पाऊस पडून वलगण सुरू झाली की जव्हार-मोखाड्यातली घरेच्या घरे बॅटऱ्या घेऊन ओढ्यावर उतरतात. टंचाईच्या त्या दिवसांत नाचणीच्या भाकरीबरोबर खेकड्याचे कालवण हा पौष्टिक घास असतो. पण "पूर्वीसारखे मुठे राहिले नाहीत," असे म्हातारी माणसे म्हणतात. हे खरे किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

मोजायची रीत सोपी आहे. पाणी ओसरल्यावर ओढ्याचा एक टप्पा ठरवा. समजा, ४० मुठे सापडले. पाठ पुसून प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि सोडून द्या. दोन-तीन दिवस तिथे कोणी पकडू नये. मग पुन्हा पकडा. समजा ५० मिळाले आणि त्यांत १० ठिपक्याचे निघाले. ४० ला ५० ने गुणा, १० ने भागा. म्हणजे त्या टप्प्यात सुमारे २०० मुठे आहेत. वाढताना मुठा कात टाकतो आणि ठिपकाही जातो, म्हणून मधे फार दिवस घालवू नका. दरवर्षी तीच जागा, तोच महिना ठेवा आणि आकडा वहीत लिहा. शाळेतली मुले हे काम हौसेने करतील.

नर-मादीही लिहा. पोटाखालची झापड अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. समुद्रातल्या चिंबोरीची पिले पाण्याबरोबर दूर जातात. आपल्या मुठ्याची अंडी आईच्या झापडीखालीच उबतात आणि तिथूनच इवले खेकडे बाहेर पडतात. म्हणून एकदा ओढा रिकामा झाला, तर तो सहजी भरत नाही. पिलांची मादी सापडली, तर ती परत सोडा.

केरळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचे उत्पादन १९९१ मध्ये सुमारे १० हजार टनांवर गेले आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर आले. मग शास्त्रज्ञांच्या पाहणीवरून नियम ठरले: डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ बंदीचा, आणि बारीक जाळ्यांना मनाई. धंदा सावरला आणि २०१४ मध्ये त्याला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असा मान मिळवणारी ती भारतातली पहिलीच मासेमारी.

आता शेतीचे. मुठा बांध पोखरतो, रोपे कातरतो, हे खरे. म्हणून बिळात कीटकनाशक ओतू नका. तेच औषध ओढ्यात उतरते, आणि तोच मुठा कोणाच्या तरी ताटात येतो. रात्री बत्तीच्या उजेडात हाताने वेचा आणि बीळ चिखलाने ठोकून बुजवा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्यातल्या मासळीवरचा गावाचा सामूहिक हक्क मानला आहे. हक्क आला, तशी राखणही आली. वहीतले आकडे ग्रामसभेत वाचा आणि कोणता टप्पा एक वर्ष राखायचा, ते सर्वांनी मिळून ठरवा. बियाण्याची कणगी आपण उपासमारीतही फोडत नाही. ओढ्यातले बियाणेही तसेच जपा.